गरोदर बाई, ताप आणि मलेरियाची गोळी

अगं, पेठ-सुरगाण्याकडचे पाडे तुझ्याकडे आलेत, म्हणून पावसाळ्याआधीच सांगते. आफ्रिकेत गरोदर बायकांना मलेरिया होऊ नये म्हणून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून, महिन्याच्या अंतराने, निदान 3 वेळा देतात. ते वाचून कुणी विचारलं, "ताई, आम्हाला का नाही?" तर सांग, आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपल्याकडे ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, काचपट्टीवर किंवा किटवर, आणि औषध डॉक्टर ठरवतील तेच.

एक गोष्ट मात्र पक्की धर. प्रायमाक्विन ही मलेरियाची गोळी गरोदर बाईला चालत नाही, पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मी नवीन असताना एका घरी नवऱ्याच्या 14 दिवसांच्या कोर्समधल्या उरलेल्या गोळ्या सुनेच्या हातात पाहिल्या. ती खाणारच होती. तेव्हापासून मी कोर्स चालू असलेल्या घरी रोज जाते, पाकीट मोजते, आणि घरात कुणाला दिवस गेलेत का ते आधी विचारते.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकाराचे जंतू वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या नाळेच्या गोळ्यात, साठतात, बाईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. कधी कधी ताप फारसा नसतोही. म्हणून डोळे, नखं पांढुरकी दिसली तरी तपासायला ने.

मच्छरदाणी मिळाली का, एवढंच विचारून परत येऊ नकोस. ती कोण वापरतं ते आत जाऊन बघ. बहुतेक घरी गरोदर सूनच मच्छरदाणीबाहेर झोपलेली असते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तर नक्की बघ.