मानेतली नस आतून फाटून भावाला ३६व्या वर्षी स्ट्रोक आला, ऑपरेशन नाही नुसत्या गोळ्या चालू आहेत, बरा होईल का?

मला हेच ३९व्या वर्षी झालं होतं, ना बीपी ना शुगर. ऑपरेशन करत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका, आमच्या घरीही सगळे तेच धरून बसले होते.

याला डिसेक्शन म्हणतात. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, रक्त भिंतीच्या थरात शिरतं, वाट अरुंद होते आणि तिथे गुठळी धरते, ती सुटून मेंदूकडे गेली की स्ट्रोक. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हे नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. कधी मानेला झटका बसलेला असतो, कधी काहीच सापडत नाही, माझं नाहीच सापडलं. चार दिवस मान मागून डावीकडे दुखत होती, झोपेत अवघडली असेल म्हणून बाम चोळत बसलो. मग चक्कर, उलट्या, पाणीसुद्धा गिळवेना आणि उचक्या तर दोन दिवस थांबल्याच नाहीत. उजवा हात हलत होता नीट, पण त्यावर गरम पाणी गरमच लागायचं नाही!

गोळ्या चीर सांधत नाहीत हो. ती बहुतेकांची आपोआप भरते, साधारण ३ ते ६ महिन्यात, तोवर नवी गुठळी होऊ नये एवढंच गोळ्यांचं काम. ॲस्पिरिनच्या जातीच्या द्यायच्या की वॉरफरिनसारख्या, यावर कॅडिस नावाची ट्रायल झाली, २०१५ मध्ये निकाल आला, दोन्हीत ठळक फरक दिसला नाही. स्टेंट क्वचितच, औषधं चालू असूनही त्रास होत राहिला तर. पहिल्या काही आठवड्यात धोका जास्त, तेव्हा डोस चुकवू नका.

पण नस भरणं वेगळं आणि मेंदू सावरणं वेगळं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी अँजिओत नस मोकळी दिसली, गिळणं तर महिनाभरातच जमलं, आंघोळीचं पाणी मात्र अजून डाव्या हाताने बघतो. भावाचा फिजिओ म्हणूनच रिपोर्ट चांगला आला तरी बंद करू नका.

आणि 'नस' म्हटलं की कोणीतरी मान चोळून, कडकन मोडून द्यायला येतंच, माझ्याकडेही आले होते. अजिबात हात लावू देऊ नका.