मायनस दिवस सुरू व्हायच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. ताईचा एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणा, तुझ्याशी पूर्ण जुळला, पुढच्या महिन्यात बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटसाठी ॲडमिशन, हे सांगताना ती एकदा हसली आणि दोनदा रडली. तुझा मेसेज मात्र एवढाच: 'सगळं ओके आहे काकू.' अकरा वर्षांपूर्वी माझं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा मीही येईल त्याला असंच ओके सांगत होते, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधी ट्रान्सप्लांटच्या दिवसाबद्दल, कारण तुझी सगळी भीती तिथेच जाऊन बसली असणार. त्या दिवशी जवळजवळ काहीच होत नाही. ऑपरेशन नाही, भूल नाही. ताईच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या मूळपेशींची एक गडद लाल पिशवी येते आणि रक्त चढवावं तशी छातीतल्या लाईनमधून तुझ्यात उतरते. मला त्याआधी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं होतं. त्याने अशी गुंगी आली की सगळे ज्याला 'दुसरा जन्म' म्हणत होते, तो मी घोरण्यात घालवला. (हॉस्पिटलात त्या दिवशी केक कापतात. मला ते नाटकी वाटलं होतं, पण आईला आवडत असेल तर कापू दे.)

खरी तयारी नंतरच्या दिवसांची करायची. तिथे कॅलेंडर निराळं असतं. केमोचे दिवस मायनस सात, मायनस सहा असे उतरत येतात, पिशवीचा दिवस शून्य, मग प्लस एक, प्लस दोन. प्लस पाच ते प्लस पंधरा हा साधारण घाट. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, तळाला, तोंडात आणि घशात फोड, थुंकी गिळायची म्हटलं तरी अंगावर काटा, जुलाब, आणि रात्रभर पंपाची टीं-टीं. दुखणं सहन करून दाखवल्याबद्दल तिथे कोणी मार्क देत नाही. एक ते दहामध्ये किती, असं विचारलं की आठ असेल तर आठच सांग. मॉर्फिन देऊ केलं तर घे.

ताप तर अजिबात लपवू नकोस. मी लपवला होता. प्लस आठच्या रात्री दोन वाजता अंग तापलं, खुर्चीवर भाऊ नुकताच डोळा लागून झोपला होता, मी म्हटलं सकाळी सांगू. काउंट नसताना 100.4 फॅरनहाइट म्हणजे लगेच बेल वाजवायची, हे मला पाठ होतं. तरी सकाळपर्यंत थांबले. पुढे नऊ दिवस जास्त काढावे लागले.

आता, ॲडमिशनच्या आधी करायची कामं. दात दाखवून ये. किडका दात तिथे महागात पडतो. केस गळायची वाट न बघता आधीच काढून टाक, पण ट्रिमरने. प्लेटलेट्स कमी असताना वस्तरा-ब्लेड नको. प्लेटलेट्ससाठी कॉलेजच्या दहा-बारा मित्रांची यादी कर, रक्तगट आणि फोन नंबरसकट. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्स, द्यायला प्रत्येकाचे दीड-दोन तास जातात, त्यामुळे 'कधीही बोलव' म्हणणाऱ्यापेक्षा 'मंगळवारी दुपारी मोकळा आहे' म्हणणारा कामाचा. ताईने किंवा घरातल्या कोणी तुला आत्ता रक्त द्यायचं नाही. त्याने ट्रान्सप्लांटच्या वेळी तुझं शरीर त्यांच्या पेशींना विरोध करायची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट, जी बाबा तुझ्याशी बोलणार नाहीत आणि आईला बोलवणार नाही. या केमोने पुढे मूल होण्याची शक्यता बहुतेक वेळा संपते. त्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. याआधी केमो झाली असली तरी अजून काही हाती लागेल का, हे डॉक्टरांना सरळ विचार. बावीसाव्या वर्षी लग्न-मुलं डोक्यात नसतात, माहीत आहे. लाज वाटत असेल तर हे पत्रच त्यांच्यापुढे धर.

पैशाचा हिशेब बाबांना एकदाच, पण नीट बसून विचार. फुले योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी यांचे कागद हॉस्पिटलचे समाजसेवक भरून घेतात, आणि त्यांना वेळ लागतो. राहायची सोयही आत्ताच बघा, कारण डिस्चार्ज मिळाला तरी साधारण शंभर दिवस हॉस्पिटलजवळच राहावं लागतं. परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या पेशंटांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असते. तुमच्याकडे काय आहे ते विचारा.

तू येणार म्हणून आई घर रंगवायला काढेल. तिला आत्ताच सांग, रंग, खोदकाम, कूलर, सगळं तू यायच्या महिनाभर आधी उरकायचं. त्या धुळीतली बुरशी आपल्या फुप्फुसात घर करते. तुळस अंगणात असू दे, मातीत हात घालायचा नाही. कोशिंबीर, घरी विरजलेलं दही, देवळातला प्रसाद, कापून ठेवलेली फळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. गणपतीत पपनस समोर आलं तर तेही नको, सायक्लोस्पोरिनची, म्हणजे ताईच्या पेशींना आवरून धरणाऱ्या गोळीची, रक्तातली पातळी त्याने वाढू शकते. आणि त्या पातळीची तपासणी ज्या दिवशी असेल, त्या दिवशी सकाळचा डोस रक्त देऊन झाल्यावरच घ्यायचा. मी पहिल्यांदा आधी घेऊन गेले आणि अख्खी फेरी फुकट गेली.

हे सगळं तुला फाइलमध्येही लिहून देतील. ताईबद्दल कोणी लिहून देणार नाही.

सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात नऊ वर्षांच्या मुलीचं, भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं, तेही भावंडाच्याच मॅरोवर. घरात मग त्या भावंडाचा जयजयकार होतो. माझ्या धाकट्याचाही झाला. पण प्लस चाळीसला माझ्या तळहातांवर रॅश आली, पुढे जुलाब सुरू झाले. जीव्हीएचडी, म्हणजे त्याच्या पेशी माझ्या शरीराला परकं समजत होत्या. डॉक्टर म्हणाले, थोडंफार होतंच, औषधं आहेत. त्याने मात्र खोलीत येणं टाळायला सुरुवात केली. डबा दाराशी ठेवून जायचा. 'माझंच रक्त तुला खातंय' हे तो मला बोलला तेव्हा सात महिने उलटले होते. मीही मूर्ख, मला वाटत होतं तो थकलाय, माझ्यामुळे त्याची नोकरी गेली म्हणून चिडलाय.

म्हणून मायनस दिवस सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी ताईला घेऊन चहाला जा. आईबाबांना नेऊ नकोस. पुढे काहीही झालं, पेशी रुजल्या नाहीत किंवा जरा जास्तच जोमाने रुजल्या, तरी तो तिचा दोष नाही, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. तिलाही भीती वाटत असेल, ती विचार. मूळपेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी चार-पाच दिवस तिची कंबर आणि हाडं ठणकतील, मग एक दिवस चार-पाच तास मशीनला हात जोडून पडून राहावं लागेल. त्या दिवसांत सगळं घर तुझ्याभोवती असेल आणि ती पॅरासिटामॉल घेऊन एकटी बाजूच्या खोलीत. तिला रोज एक फोन कर. सुचलं नाही काही तर भांड.

त्याच्या पेशी रुजल्यामुळे माझा रक्तगट आता बी नाही, भावाचा ओ आहे. तुझे प्लस दिवस सुरू झाले की मी रोज संध्याकाळी सात वाजता फोन करीन. बोलवत नसेल तर नुसता उचलून ठेव.

तुझी,
काकू