जुन्या गेममधून काढलेल्या पार्श्वभूमीवर हक्क कुणाचा?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. १९९४ साली आलेल्या एका व्हिडिओ गेमच्या सगळ्या लेव्हलच्या पार्श्वभूमी मी गेली दोन वर्षं बाहेर काढतो आहे. गेमची मूळ कार्ट्रिज (कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रात, घालायची डबी) लहानपणापासून माझ्याकडे आहे. एका चाहत्याने बनवलेल्या मोफत टूलने फाइलमधली चित्रं सुटी केली, तुकडे जुळवून प्रत्येक लेव्हलचा अखंड नकाशा केला, गुप्त दारं कुठे आहेत आणि तिथवर कसं जायचं याच्या टिपा लिहिल्या आणि सगळं इंटरनेटवर मोफत ठेवलं. मागच्या महिन्यात कळलं की एक विक्रेता माझेच नकाशे टिपांसकट पोस्टर म्हणून छापून विकतो आहे. चौथ्या लेव्हलमध्ये धबधब्यामागच्या भिंतीला माझ्याकडून चुकीची रंगपट्टी लागली होती आणि शेवाळ जांभळं झालं होतं. त्याच्या पोस्टरवरही ते जांभळंच आहे. 'माझ्या कॉपीराइटचा भंग' म्हणून त्याला नोटीस पाठवायची आहे. मसुदा सोबत जोडला आहे. गेम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, त्यामुळे त्या बाजूने अडचण नसावी. बरोबर ना?

उत्तर : मसुदा वाचला. ही नोटीस पाठवू नका.

तुमचा राग रास्त आहे. दोन वर्षं रात्री जागून केलेलं काम कुणी उचलतो आणि त्यावर पैसे कमावतो, हे कुणालाही लागेल. पण नोटिशीत तुम्ही स्वतःला त्या चित्रांचे 'मालक' म्हटलं आहे आणि सगळी गोची तिथेच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६० नुसार, कुणी स्वतःला कॉपीराइटचा मालक म्हणवून दुसऱ्याला कारवाईची धमकी दिली आणि त्या धमकीला आधार नसला, तर धमकी मिळालेला माणूसच कोर्टात जाऊ शकतो. आपण भंग केलेला नाही असं जाहीर करून घेणं, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई, हे सगळं त्याला मागता येतं. त्याचा दावा प्रत्यक्षात कितपत टिकेल हा पुढचा प्रश्न. पण त्याच्या वकिलाचा पहिला सवाल ठरलेला आहे : मूळ चित्रं तुम्ही काढली आहेत का? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेला चौथ्या लेव्हलचा नकाशा मी स्क्रीनवर मोठा करून पाहिला. गुहेच्या भिंतीत खडकाचा एकच छोटा चौकोन वारंवार येतो; कधी सरळ, कधी उलटा, कधी गडद रंगात. त्या काळातल्या कन्सोलवर पार्श्वभूमी अशीच रचायचे. जागा फार थोडी, म्हणून आठ बाय आठ पिक्सेलची फरशी एकदाच साठवायची आणि सोबत एक यादी ठेवायची : कोणती फरशी कुठे बसवायची, आडवी की उभी उलटायची, कोणती रंगपट्टी लावायची. टूल काय करतं? कॉम्प्रेशन, म्हणजे जागा वाचवण्यासाठी आवळून ठेवलेला डेटा, सोडवतं आणि त्या यादीबरहुकूम फरश्या मांडतं. म्हणजे मांडणीही फाइलमध्येच होती आणि ती लेव्हल रचणाऱ्याने केलेली होती. जिथे यादीचा अर्थ टूलला लागला नाही, तिथे तुम्ही स्वतः गेम खेळून, थांबून, ताडून तुकडे जुळवले. ते किती किचकट असतं याची मला कल्पना आहे. पण तुमचं उद्दिष्ट मुळाबरहुकूम नकाशा करण्याचं होतं. जितकं काम चोख, तितकी त्यात तुमची भर कमी, असा हा प्रकार आहे.

'पण मेहनत माझी ना?' हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये निकाल लागला. प्रकाशकाने न्यायालयीन निकालांचे मजकूर मिळवून, दुरुस्त करून, नीट लावून छापले होते आणि दुसऱ्यांनी ते उचलले अशी तक्रार होती. कोर्टाने स्पष्ट केलं की नुसती मेहनत आणि पैसा घातला म्हणून कॉपीराइट मिळत नाही. थोडी का होईना, कौशल्याची, निर्णयाची, सर्जनाची भर हवी. मूळ निकालाचा मजकूर नीटनेटका करणं त्यात बसलं नाही. पण परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता असहमत हे दाखवणं, अशा ज्या गोष्टींत संपादकाला डोकं चालवावं लागलं, तिथे कोर्टाने संरक्षण दिलं.

तुमचं प्रकरण मला अगदी याच चौकटीत दिसतं. जोडलेलं चित्र म्हणजे नीटनेटका केलेला मूळ मजकूर. त्यावर तुमचा हक्क नाही. टिपा मात्र तुमच्या आहेत. 'तिसऱ्या खांबाशी वाकलात तर भिंत पोकळ वाजते, पण मशाल विझलेली हवी' हे वाक्य तुम्ही लिहिलं आहे आणि ते त्या पोस्टरवर जसंच्या तसं छापलेलं आहे. दार कुठे आहे ही माहिती कुणाच्याही मालकीची नसते. ती तुम्ही ज्या शब्दांत मांडली ते शब्द तुमचे. जांभळं शेवाळ नक्कल सिद्ध करायला उत्तम पुरावा आहे, तो जपून ठेवा. पण त्याने एवढंच सिद्ध होतं की नक्कल तुमच्या फाइलवरून झाली. मालकी सिद्ध होत नाही.

आता कंपनी बंद पडल्याचा मुद्दा. हा गैरसमज इतका पसरला आहे की मी त्यावर जरा थांबणार आहे. कंपनी बुडाली म्हणून तिचं फर्निचर रस्त्यावर येत नाही. ते कुणीतरी विकत घेतं. कॉपीराइटचंही तसंच. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतरच्या विक्रीत 'मास्टर ऑफ ओरायन' आणि 'टोटल ॲनायलेशन' या जुन्या गेमचे हक्क वॉरगेमिंग या दुसऱ्याच कंपनीने घेतले. तुमच्या गेमचे हक्कही कुणाच्या तरी कपाटात असतील. त्या कुणालाच ते आठवत नसेल हे शक्य आहे. पण आठवण नसणं म्हणजे हक्क संपणं नव्हे.

मुदतीचं गणितही करून टाकू. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं संरक्षण चालतं. चित्रकार अज्ञात धरला, तरी प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९९४ च्या गेमसाठी २०५४ अखेरपर्यंत. गेम परदेशी असला तरी फरक पडत नाही; बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांमधल्या कृतींना आपल्याकडे संरक्षण आहे.

जुने गेम खुले होतात, असं म्हणत काही जण मला 'डूम' या गेमचं उदाहरण देतात. आयडी सॉफ्टवेअरने त्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला, हे खरं. पण खुला झाला तो कोड. भिंती, राक्षस, लेव्हल ज्या डेटा फाइलमध्ये आहेत ती खुली झाली नाही. म्हणूनच फ्रीडूम या प्रकल्पातल्या लोकांनी सगळी चित्रं आणि लेव्हल नव्याने घडवल्या.

याच्याही पुढचा एक निकाल तुम्ही लक्षात ठेवा. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'साठी चाहत्यांनी स्वतः रचलेल्या ३०० लेव्हल गोळा करून मायक्रो स्टार या कंपनीने सीडीवर विकायला काढल्या. त्या फाइलींमध्ये गेमचं एकही चित्र नव्हतं. कुठलं चित्र कुठे लावायचं एवढ्याच सूचना होत्या. तरी १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मूळ गेमच्या हक्कदारांची बाजू घेतली. डब्यावर छापलेल्या स्क्रीनशॉटला तर खालच्या कोर्टानेच मनाई केली होती. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण चित्र नसलेल्या फाइली जिथे अडकल्या, तिथे नुसतं चित्रच असलेल्या पोस्टरचं काय होईल याचा अंदाज येतो. तो विक्रेता चुकीचाच आहे. फक्त त्याच्यावर चित्रांसाठी दावा लावण्याचा अधिकार मालकाचा आहे, तुमचा नाही. आणि मालक उद्या जागा झाला तर त्याला पोस्टरवाल्याच्या आधी तुमचे नकाशे दिसतील.

टूल वापरणं बेकायदा आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण आधी तेच विचारायला हवं होतं. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, अभ्यास आणि समीक्षा यांना सूट आहे, मात्र ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून इतर कृतींना. माझ्या मते बाहेर काढलेली पार्श्वभूमी ही चित्रकृती आहे, प्रोग्रॅम नाही. त्यामुळे ती स्वतःपुरती काढून पाहणं, अभ्यासणं या सुटीत बसतं. प्रोग्रॅमसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कायदेशीररीत्या प्रत जवळ बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून बॅकअप घेता येतो आणि प्रोग्रॅम चालतो कसा, त्यामागची तत्त्वं काय, हे समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण करता येतं. फाइलची रचना उलगडणारं टूल, ज्यात गेमचा स्वतःचा काहीच भाग नाही, ते मला याच वळणाचं वाटतं.

कलम ६५अ चा बाऊ बरेच जण करतात. कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारं तांत्रिक संरक्षण, तोडल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते कलम म्हणतं. पण हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तरच. शिवाय जागा वाचवण्यासाठी केलेलं कॉम्प्रेशन म्हणजे कुलूप नव्हे, असं माझं मत आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. टूलला दिलेली गेमची फाइल तुम्ही स्वतःच्या कार्ट्रिजमधून उतरवलीत की कुठून डाउनलोड केलीत? कार्ट्रिज कपाटात आहे म्हणून डाउनलोड केलेली प्रत कायदेशीर होत नाही. बॅकअपची सूट तुमच्या प्रतीवरून तुम्ही घेतलेल्या प्रतीला आहे.

घरात बसून नकाशे करणं आणि संपूर्ण गेमच्या पार्श्वभूमी पूर्ण आकारात जगासमोर ठेवणं यात कायद्याने मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट लोकांपर्यंत कृती पोहोचवण्याचा हक्क वापरते आणि तो हक्क मालकाचा. मोफत ठेवलंत याने भंग टळत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. व्यापारी फायदा नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. तुमच्यासारख्या माणसाला कुणी तुरुंगात टाकेल असं मला वाटत नाही, पण 'पैसे घेतले नाहीत' या एकाच वाक्यावर विसंबू नका.

मग करायचं काय? पूर्ण आकारातले नकाशे आधी उतरवा. त्यांच्या जागी लेख लिहा : ही गुहा अशी का रचली, एकच फरशी उलटीपालटी करून रचनाकाराने खोली कशी आणली, धबधब्यामागे दार लपवण्याची युक्ती काय. त्या विवेचनाला लागतील तेवढे नकाशांचे तुकडे सोबत द्या. समीक्षेची सूट अशाच लिखाणासाठी आहे. शिवाय ते लेख निर्विवाद तुमचे असतील.

विक्रेत्याला पत्र लिहायचं तर फक्त टिपांपुरतं. तुमच्या शब्दांची तारखेसकट मूळ फाइल जोडा, पोस्टरचा फोटो जोडा आणि माझा मजकूर काढा एवढंच मागा. तो ज्या विक्री-मंचावर विकतो तिथेही तक्रार करता येते. कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत त्यांनी पावलं उचलायची असतात आणि कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर २१ दिवसांनी ते मजकूर पुन्हा दाखवू शकतात. पण त्या तक्रारीत 'मी मालक आहे' असं लिहून द्यावं लागतं. चित्रांबद्दल ते लिहून देऊ नका.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम जतन करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. तुम्ही केलेलं काम टिकायला हवं अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून ते कच्च्या पायावर उभं राहू नये. मालक शोधा. गेमच्या डब्यावरचं नाव, नंतर ती कंपनी कुणी घेतली, ट्रेडमार्क आज कुणाच्या नावावर आहे, असा माग काढा. सापडला तर विनाव्यापार प्रदर्शनाची लेखी परवानगी मागा. सापडलाच नाही, तर कलम ३१अ आहे : मालकाचा पत्ता लागत नसलेल्या आणि लोकांना मिळेनाशा झालेल्या कृतीसाठी अर्ज करून परवाना मागता येतो. आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि ठरेल ते मानधन भरावं लागतं. वाट लांबची आहे, पण सरळ आहे.

त्याआधी फाइल कुठून आली ते मला कळवा. कार्ट्रिजमधून उतरवली असेल तर उतरवल्याची तारीख आणि वापरलेलं उपकरण लिहून ठेवा, कार्ट्रिजचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मालकाला लिहायचं पत्र त्या आधारावर करू.