विज्ञानकथांचा संपादक व्हायचं तर साहित्याची पदवी महत्त्वाची की बाजाराची जाण?

दोन्ही असलेलं बरं, हे तुम्हालाही ठाऊक असणार. मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे: 'खपाचा विचार करणारा संपादक संपादक उरतो का?' हे मला एकदा तोंडावर विचारून झालंय.

तेव्हा मी एका प्रकाशनसंस्थेच्या संपादन विभागात होते. एक विज्ञानकादंबरी आली. गोष्ट फक्कड, पण सुरुवातीला नायक प्रयोगशाळेत उभा राहून वाचकाची शिकवणी घेत होता आणि यान सुटायचं नावच नव्हतं. मी लेखकाला म्हटलं, यान सुटतं तिथून सुरू करा, भौतिकशास्त्र पुढे थोडं थोडं जिरवा. तो बिचारा खुशीने तयार झाला. मुखपृष्ठावर अमूर्त गोळे आणि रेषा होत्या. तिथे सरळ यान दाखवा, असाही हट्ट मी धरला. मलपृष्ठावरचा मजकूर पुन्हा लिहिला, कारण आधीच्या मजकुरात 'मानवी अस्तित्वाचा वेध' होता आणि गोष्ट कसली आहे त्याचा पत्ता नव्हता. आमच्या विभागप्रमुखांनी भर बैठकीत विचारलं, "तुम्ही संपादक आहात की दुकानदार?" मी जूडी-लिन डेल रे हिचं नाव घेतलं, 'डेल रे' नावाने विज्ञानकथा छापणारी अमेरिकी संपादक. सर हसले. "ती? ते तर तिच्या नवऱ्याचं दुकान!" सगळे हसले आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

तर सर, ऐका.

जूडी-लिन 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या 'गॅलेक्सी' मासिकात लागली ती फ्रेडरिक पोल या संपादकाच्या हाताखाली, अगदी खालच्या पायरीवर. तिथूनच व्यवस्थापकीय संपादक झाली. लेखक-संपादक लेस्टर डेल रे याच्याशी तिचं लग्न झालं 1971 मध्ये, म्हणजे धंदा शिकून झाल्यावर. 1973 मध्ये ती बॅलन्टाइन बुक्स या प्रकाशनसंस्थेत गेली. लेस्टर तिथे तिच्यामागून आला, फँटसी, म्हणजे जादूच्या अद्भुतकथा, सांभाळायला. विज्ञानकथा तिच्याकडेच होत्या. 1977 मध्ये 'डेल रे' हे इम्प्रिंट, म्हणजे बॅलन्टाइनचीच वेगळ्या नावाची शाखा, सुरू झालं. आडनाव नवऱ्याचं, म्हणून दुकानही नवऱ्याचं, एवढाच काय तो तर्क.

आता दुकानदारी. 'स्टार वॉर्स' हा सिनेमा मे 1977 मध्ये आला. त्याची कादंबरी तिने 1976 संपायच्या आतच बाजारात आणली होती, सिनेमा चालेल की पडेल याचा कुणालाच अंदाज नसताना. (वर नाव जॉर्ज लुकास यांचं, लिहिली अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी.) 1978 मध्ये तिने काढलेली अ‍ॅन मॅकॅफ्री यांची 'द व्हाइट ड्रॅगन' न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेली, तीही महागड्या हार्डकव्हरमध्ये. विज्ञानकथा म्हणजे स्वस्त पेपरबॅक, असं धरून चालायचा तो काळ.

पण सरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळंच आहे. जॉन नॉर्मन यांची 'गॉर' मालिका बॅलन्टाइनकडे होती. भरपूर खपणारी, आणि बायकांना गुलाम करून ठेवण्यात रमणारी. बॅलन्टाइनमध्ये गेल्यावर जूडी-लिनने ती बंद केली. नॉर्मन दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, तिथेही खपले. हातातला चालू माल असा सोडून देणारा दुकानदार मला तरी भेटलेला नाही. खप कळणाऱ्यालाच खपाला नाही म्हणण्याची किंमत कळते. ज्यांना खपाचं काही घेणंदेणंच नाही, त्यांनी मोठा त्याग केल्याचा आव आणू नये.

1985 च्या ऑक्टोबरमध्ये तिला मेंदूत रक्तस्राव झाला आणि फेब्रुवारी 1986 मध्ये ती गेली. त्याच वर्षी तिला सर्वोत्तम संपादकाचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार, जाहीर झाला. लेस्टरने तो नाकारला. ती वारली म्हणून देताय, हे तिला मुळीच आवडलं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. मला लेस्टर फारसा आवडत नाही, पण इथे त्याला शंभर गुण. पुस्तकांच्या संपादकांसाठी ह्यूगोचा वेगळा विभाग व्हायला तर 2007 उजाडलं.

हेही सांगायला हवं की तिला तयार पाया मिळाला होता. बॅलन्टाइनने 1953 मध्येच रे ब्रॅडबरी आणि आर्थर क्लार्क यांच्यासारखे विज्ञानकथालेखक छापले होते. ती रुजू झाली त्याच सुमारास रँडम हाऊस या बड्या प्रकाशनसंस्थेने बॅलन्टाइन विकत घेतलं, म्हणजे पाठीशी पैसाही आला. आणि लेस्टरच्या फँटसीच्या यशानंतर त्याच साच्यातल्या पुस्तकांची रांग लागली, ती सगळी काही वाचण्याजोगी नव्हती. सर हा मुद्दा काढू शकले असते. काढला नाही, कारण त्यांनी त्यातलं काही वाचलंच नव्हतं.

पदवीचं म्हणाल तर तिने हंटर कॉलेजात शिक्षण घेतलं होतं, त्यामुळे पदवीने नुकसान होतं असं काही मी म्हणत नाही. पण आधी एखाद्या मासिकात न मागता आलेली हस्तलिखितं वाचायचं काम मिळतंय का बघा, पगार कमी असला तरी. आणि मुलाखतीत तुम्हीच विचारा की मलपृष्ठाचा मजकूर तुमच्याकडे कोण लिहितं. 'ते विक्रीवाले बघतात' असं उत्तर आलं, तर दुसरीकडे अर्ज करा.