एखादं प्रकरण गाजलं की स्त्री-पुरुष समानतेबद्दल लोकांची मतं खरंच बदलतात का?

बदलतात, पण आपल्याला हवी असतात ती नाही. मी मिरजेची, त्यामुळे जवळच्या म्हैसाळ गावचंच सांगते.

२०१७ च्या सुरुवातीला तिथं बेकायदा गर्भपात करताना एक बाई दगावली. तपास लागला आणि म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. मुलीचा गर्भ पाडण्याचं हे प्रकरण, महिनाभर इकडे दुसरा विषय नव्हता. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला कसाई म्हणून झालं, फाशी द्या म्हणून झालं. पण त्याच्या दारात बायकांना गाडीत घालून नेणारे कोण होते? नवरा, सासू, कधी सख्खी आईसुद्धा. तिथवर बोलणं आलं की आवाज खाली यायचा, "त्यांचीबी अडचण असती हो, दोन्ही पोरीच."

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक डोहाळजेवण होतं. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पोरीनं उघडली ती बर्फीची. लगेच शेजारच्या काकू म्हणाल्या, "असू दे, असू दे, परत उचल बघू." जेवायला बसण्याआधी म्हैसाळवर सगळ्यात तावातावानं बोलत होत्या त्या याच. (पेढा निघाल्यावर कुणी परत उचलायला लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.)

बदल झाला तो भीतीत. ठरावीक अटींवर गर्भपात १९७१ च्या कायद्यानं कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंगनिदानाचा. लोकांनी दोन्हीची सरमिसळ केली. मेडिकलवाले गोळ्यांचं नाव काढलं की हात झटकायला लागले, आणि सुरुवातीच्या आठवड्यांतच गर्भ नको असलेली बाईसुद्धा संशयित ठरली. म्हणजे प्रकरण मुलींच्या बाजूनं गाजलं आणि जाच पुन्हा बाईलाच.

शेजारच्या साताऱ्याचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. २०११ मध्ये तिथं 'नकुशा' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली. तिथं बोट थेट घराकडे होतं, कारण पोरीचं नाव काही डॉक्टर ठेवत नाही. तेवढ्यानं जिल्हा सुधारला असं मी म्हणणार नाही, पण निदान लाज वाटायची ती योग्य माणसाला वाटली.

बाकी, हल्ली आमच्याकडे पोलीस भरतीच्या ॲकॅडमीत पोरीला घालणारे बाप दिसतात. त्यांना म्हैसाळ आठवत नसतं, सरकारी पगार दिसत असतो. माझी त्याला काही हरकत नाही.