वाचकांचे प्रश्न : आगगाडीने झांबेझीपर्यंत, हाउसबोटीने चोबेवर

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाहून आलिशान आगगाडीने झिंबाब्वे-झांबिया सीमेवर झांबेझी नदीवर असलेल्या व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जायचे आणि तेथून पुढे बोत्स्वाना-नामिबिया सीमेवरच्या चोबे नदीवरील हाउसबोटीत राहून वन्यप्राणी पाहायचे, अशा सुट्टीविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत असून मुलांनी आम्हा दोघांना ही सहल भेट द्यायचे ठरवले आहे. प्रवासी कंपनीच्या आखणीनुसार गाडी सकाळी व्हिक्टोरिया फॉल्सला पोहोचते, त्याच दुपारी हाउसबोटीवर चढायचे आहे आणि तेथे दोन रात्री राहून परतीचे विमान आहे. ही आखणी योग्य आहे का? गाडीत सर्वांत मोठा कक्ष घ्यावा का?

उत्तर : आधी गाडी आणि मग नदी हा क्रम उत्तम आहे, पण आपण पाठवलेली आखणी आहे तशी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या मार्गावर १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘रोव्होस रेल’ या कंपनीच्या गाड्या धावतात. एका गाडीत जास्तीत जास्त ७२ प्रवासी असतात आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे सहसा नेला जात नाही. सीमेवरची तपासणी, मालगाड्यांना द्यावी लागणारी वाट आणि रुळांची स्थिती यांमुळे पोहोचण्याची वेळ काही तासांनी पुढे जाणे ही येथे नित्याची बाब आहे. गाडीला उशीर झाला की त्याच दुपारी ओलांडायची सीमा, त्याच दुपारी हाउसबोटीपर्यंत नेणारी छोटी बोट आणि तिच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळेच कोलमडते. म्हणून गाडी आणि नदी यांच्यामध्ये व्हिक्टोरिया फॉल्स गावात किमान एक रात्र मोकळी ठेवावी. गाडी वेळेवर आलीच, तर ती रात्र वाया जात नाही. सुमारे १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच असलेला धबधबा आणि त्याच्या खालच्या घळीवर १९०५ साली उभारलेला रेल्वेचा पोलादी पूल सावकाश पाहता येतो. आपल्या आखणीत तर धबधब्यासाठी वेळच ठेवलेला दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

हाउसबोटीवर दोनऐवजी तीन रात्री घ्याव्यात. चढण्याचा दिवस सीमा ओलांडण्यात आणि उतरण्याचा दिवस सामान आवरण्यात जातो, त्यामुळे दोन रात्रींच्या मुक्कामात नदीवरचा सलग असा एकच दिवस हाती लागतो. सकाळची फेरी, दुपारचे ऊन आणि संध्याकाळची फेरी असा नदीचा स्वतःचा दिनक्रम आहे, आणि तो अंगवळणी पडायला एक दिवस पुरत नाही.

हा वाढीव खर्च गाडीतील कक्षावर वाचवता येईल. रोव्होस रेलमध्ये पुलमन, डिलक्स आणि रॉयल असे तीन प्रकारचे कक्ष असून ते अनुक्रमे सुमारे ७, ११ आणि १६ चौरस मीटरचे असतात. रॉयल कक्ष जवळजवळ अर्धा डबा व्यापतो आणि त्यात जुन्या धाटणीचा बाथटबही असतो. परंतु जागेपणीचा बराचसा वेळ माणूस कक्षात नसतो; तो गाडीच्या शेवटच्या, मागे उघडा सज्जा असलेल्या निरीक्षण डब्यात असतो. झिंबाब्वेत ग्वायी ते डेटे यांदरम्यान सुमारे ११४ किलोमीटरचा लोहमार्ग एकही वळण न घेता जातो, आणि पुढे तो ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने धावतो. सज्जात उभे राहून मागे पाहिले, तर दोन्ही रूळ क्षितिजापर्यंत सरळ जाऊन एक झालेले दिसतात, आणि अधूनमधून त्यांच्या कडेला हत्तींची ताजी लीद पडलेली दिसते. तो सज्जा पुलमनच्या आणि रॉयलच्या प्रवाशाला सारखाच खुला असतो. दोघांसाठी मधला डिलक्स कक्ष पुरेसा आहे. गाडीत दूरचित्रवाणी नसते आणि सार्वजनिक डब्यांत मोबाइल वापरू नये असा दंडक आहे; मुलांशी रोज बोलायची सवय असेल, तर त्यांना तशी कल्पना देऊन ठेवावी. रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी कोट आणि टाय घालणे अपेक्षित असते. स्त्रियांसाठी चांगली साडी अगदी योग्य ठरेल.

प्रश्न : एक जण सांगतो, धबधबा एप्रिलमध्ये पाहावा, दुसरा म्हणतो, हत्ती ऑक्टोबरमध्ये पाहावेत. दोन्ही एकाच सहलीत साधायचे असेल, तर कोणता महिना निवडावा?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, मात्र दोघांचे म्हणणे एकत्र आणायचे, तर पाण्याचा प्रवास समजून घ्यावा लागतो. या भागातला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो, पण झांबेझीचा मोठा पूर स्थानिक पावसाचा नसतो. वर अंगोलात आणि झांबियाच्या वायव्य भागात पडलेले पाणी विस्तीर्ण पूरमैदानांतून मुरत-पसरत खाली येते आणि त्यात कित्येक आठवडे जातात. त्यामुळे धबधब्यावरचे पाणी पाऊस संपल्यानंतर, एप्रिलच्या सुमारास, सर्वाधिक असते. त्या वेळी तुषारांचा पडदा इतका दाट असतो की समोर उभे राहूनही कडा दिसत नाही आणि माणूस नखशिखांत भिजतो. आवाज आणि आवेग अनुभवायचा असेल त्याने तेव्हाच जावे. याउलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा उघडा पडतो. झिंबाब्वेच्या बाजूला मात्र पाणी टिकून असते.

चोबेचे गणितही याच पाण्याशी बांधलेले आहे. कझुंगुला येथे ती झांबेझीला मिळते आणि झांबेझी फुगली की पाणी उलटे चोबेत शिरून तिची मैदाने भरते. काही काळ नदी चक्क मागे वाहते. त्या दिवसांत रानातले पाणवठेही भरलेले असल्याने हत्तींना नदीवर यायची गरज पडत नाही. जूननंतर पाणवठे आटू लागतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात कळपच्या कळप काठावर उतरतात. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांच्या संयुक्त संवर्धनक्षेत्रात २०२२ साली झालेल्या हवाई गणनेत सुमारे २ लाख २७ हजार हत्ती आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या बोत्स्वानात होते. कोरड्या ऋतूत चोबेकाठी एवढी गर्दी का होते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

म्हणून एकच सहल करणाऱ्याने जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर हा काळ धरावा. धबधब्याला भरपूर पाणी असते, तुषार ओसरल्याने तो नीट दिसतो, आणि हत्तीही नदीवर येऊ लागलेले असतात. तेथे तेव्हा हिवाळा असतो. पहाटेच्या उघड्या बोटीत वारा बोचतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट अवश्य न्यावे. पक्ष्यांची आवड असणाऱ्याने सप्टेंबरचा विचार करावा, कारण पाणी उतरून वाळूची बेटे उघडी पडली की त्यांवर आफ्रिकी पाणचिरे घरटी करतात आणि किरमिजी वेड्या राघूंचे थवे येऊ लागतात. ऑक्टोबरमधला उन्हाचा ताप मात्र ज्येष्ठांना सोसणे कठीण आहे.

प्रश्न : झांबिया आणि झिंबाब्वे या दोन्ही देशांना चालणारा ‘काझा’ व्हिसा घेतला, तर हाउसबोटीसाठी आणखी काही लागते का?

उत्तर : होय, आणि नेमके येथेच अनेकांचे अडते. काझा व्हिसाचे शुल्क ५० अमेरिकी डॉलर असून तो ३० दिवस झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांत चालतो. कझुंगुलामार्गे बोत्स्वानात जाऊन त्याच दिवशी परत येण्याची मुभाही त्यात आहे. रात्रीच्या मुक्कामाची नाही. नामिबियाचा तर त्यात समावेशच नाही, आणि चोबेवरच्या मोठ्या हाउसबोटी रात्री नामिबियाच्या हद्दीत असतात. त्यामुळे व्हिक्टोरिया फॉल्सहून मोटारीने निघाल्यावर आधी बोत्स्वानात प्रवेश करायचा, कसाने गावात बोत्स्वानातून बाहेर पडल्याची नोंद करायची, छोट्या बोटीने नदी ओलांडून इम्पालिला बेटावरील लहानशा कार्यालयात नामिबियाचा शिक्का घ्यायचा आणि मग हाउसबोट गाठायची, असा क्रम असतो. परतताना हेच उलट. एका हाउसबोटीपायी पासपोर्टवर बोत्स्वानाचे चार आणि नामिबियाचे दोन शिक्के पडतात, तेव्हा पुरेशी कोरी पाने शिल्लक आहेत ना, हे निघण्यापूर्वी मोजून पाहावे. परतीचे विमान जोहान्सबर्गहून असेल, तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा. नियम वारंवार बदलतात, म्हणून वाटेतल्या सर्व देशांच्या अधिकृत सूचना तिकिटे काढण्यापूर्वी वाचाव्यात; प्रवासी कंपनीच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

बोत्स्वानाच्या सीमेवर गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाला आळा घालण्यासाठी जंतुनाशकात भिजवलेल्या पायपुसण्यावर बूट टेकवावे लागतात. कधी कधी पिशवीतले इतर जोडही बाहेर काढायला सांगतात, म्हणून ते वरच ठेवावेत. कच्चे मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेऊ नयेत.

या गुंतागुंतीच्या सीमेची एक सुखद बाजूही आहे. कसानेसमोरील सेडुडू बेटावर बोत्स्वाना आणि नामिबिया या दोघांनीही हक्क सांगितला होता. नामिबियात ते कासिकिली म्हणून ओळखले जाते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये ते बोत्स्वानाला दिले, परंतु बेटाच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांत दोन्ही देशांच्या नौकांना समान वागणूक मिळावी, असेही ठरवले. त्यामुळे नामिबियातून आलेली बोटही बेटाभोवती फिरू शकते, आणि चोबेवरचे सर्वांत समृद्ध दृश्य याच बेटाभोवती आहे.

प्रश्न : मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यात का? पीतज्वराची लस आवश्यक आहे का?

उत्तर : प्रिटोरियात मलेरियाचा धोका नाही, व्हिक्टोरिया फॉल्स आणि चोबे येथे आहे, आणि पावसाळ्यात तो वाढतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मात्र एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी, ती म्हणजे आपण दिवसाचे कित्येक तास उघड्या बोटीत उन्हात असणार आहोत. कारण या गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते. ही गोळी परतल्यावर चार आठवडे, तर अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस घ्यावे लागते, आणि लोक नेमके घरी आल्यावर गोळ्या सोडतात. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर हा प्रवास डॉक्टरांच्या कानावर घालावा.

पीतज्वराचा प्रश्न विमानाच्या मार्गावर अवलंबून आहे. नैरोबी किंवा आदिस अबाबा येथे विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबा असेल, तर दक्षिण आफ्रिका लशीचे प्रमाणपत्र मागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होते.

प्रश्न : सोबत चौऱ्याहत्तर वर्षांची आई आहे. तिचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे. तिला झेपेल का?

उत्तर : झेपेल, किंबहुना जीपमधल्या सफारीपेक्षा बोटीतली सफारी गुडघ्यांना आणि पाठीला पुष्कळ सोपी आहे. नदी शांत असते, धक्के बसत नाहीत. अडचणीच्या जागा मोजक्या आहेत : गाडीच्या डब्याची पायरी, विशेषतः फलाट नसेल तेथे, चालत्या गाडीतला अरुंद मार्ग, आणि लहान बोटीत पाय टाकण्याचा क्षण. ‘झांबेझी क्वीन’ ही १४ कक्षांची मोठी हाउसबोट असून तिचे मजले जिन्यांनी जोडलेले आहेत. आईंना जिने टाळायचे असतील, तर ‘चोबे प्रिन्सेस’ या चार-पाच कक्षांच्या छोट्या बोटींची चौकशी करावी. शाकाहाराची सूचना आरक्षण करतानाच लेखी द्यावी, आणि अंडी व मासे चालणार नाहीत हे त्यात वेगळे लिहावे.

प्रश्न : छायाचित्रणासाठी काय न्यावे?

उत्तर : शंभर ते चारशे मिलिमीटरची एकच झूम लेन्स बहुतेक प्रसंगांना पुरते. कोरड्या ऋतूत धूळ फार असल्याने बोटीत लेन्स बदलू नये. तिपाई नेऊ नये. बोट हलते आणि तिपाई तिचा प्रत्येक हेलकावा कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवते. ड्रोन घरीच ठेवावा, राष्ट्रीय उद्यानात त्याला मनाई आहे. सीमेवरील ठाण्यांची छायाचित्रे काढू नयेत.

फेरीची छोटी बोट पाण्यालगत असते, त्यामुळे पाणी पिणारा हत्ती आपल्याहून उंच दिसतो. जीपमधून असा कोन मिळत नाही. कळप सेडुडू बेटाकडे पोहत निघाला, की पिल्लू दोन मोठ्या माद्यांच्या मधोमध असते आणि बराच वेळ त्याच्या सोंडेचे टोकच तेवढे वर दिसते. त्या वेळी चालकाला इंजिन बंद करून लांबच थांबायला सांगावे, कारण बोट मध्ये आल्यास कळप फुटतो आणि पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. पलीकडच्या काठाशी थांबलात, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हत्तीच्या अंगावर ओल्या काळ्या आणि कोरड्या राखाडी रंगांना विभागणारी सरळ रेषा दिसेल. पाणी कुठवर होते ते तिच्यावरून कळते. काही मिनिटांतच हत्ती अंगावर धूळ उडवून घेतात आणि ती रेषा पुसली जाते, तेव्हा शटरचा वेग एक-हजारांशाच्या वर आधीच ठेवून तयार राहावे.