वर्षानुवर्षांची डोकेदुखी अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी औषधांनी खरंच बरी होते का? किती सीटिंग लागतात?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं डोकं दुखतंय, एमआरआय नॉर्मल आहे, गोळ्यांना कंटाळलात आणि आता कुणीतरी सुया टोचून घ्या, चिनी काढे घ्या म्हणून मागे लागलंय. फरक पडतो का, तर हो पडतो, मला पडला. पण तो कशाने पडला हे नीट सांगावं लागेल, कारण याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं गेली सात वर्षं वाजतंय आणि तुमचा प्रश्न वाचून ते सगळं परत वर आलं.

मला अकरा वर्षं त्रास होता. सुरुवातीला महिन्यातून दोनदा अर्धशिशी उठायची, डावं कानशील ठणकायचं, उजेड नको, आवाज नको, एकदा उलटी झाली की जरा उतार पडायचा. मग हळूहळू ते रोजचंच झालं. रोजचं दुखणं वेगळं असतं, ते ठणकत नाही, डोक्याला कुणी पट्टा आवळून बांधल्यासारखं दिवसभर नुसतं असतं, सकाळी डोळे उघडायच्या आधीच कळतं की आज पण आहे. ज्यांना हे नाही त्यांना ते समजावून सांगता येत नाही, मी प्रयत्न सोडलाय.

दादा फार्मसी शिकलेला, औषधांच्याच धंद्यात आहे. त्यामुळे मला गोळ्यांची ददात कधी नव्हती. फोन केला की स्ट्रिप हजर. प्रेमाने द्यायचा, ते मी नाकारत नाही. "अंगावर काढू नकोस, दुखायला लागलं की लगेच घे" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी घेत गेले. आधी साधी पॅरासिटामॉल, ती पुरेना म्हणून कॅफिनवाली मिक्स गोळी, मग कधी ही कधी ती. इतक्या वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही की तू महिन्यातले किती दिवस गोळी घेतेस. दादानेही नाही, ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनीही नाही, सगळे रिपोर्ट बघायचे आणि टेन्शन कमी घ्या म्हणायचे.

तो प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो सुया टोचणाऱ्या बाईंनी. त्या आधी एमबीबीएस, नंतर अ‍ॅक्युपंक्चर शिकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकही सुई लावली नाही. जवळजवळ पाऊण तास नुसतं विचारत होत्या, नेमकं कुठे दुखतं, मागे की कपाळाला की बाजूने, पाळीच्या आधी वाढतं का, झोप कशी आहे. दुखण्याची जागा त्यांच्या शास्त्रात फार महत्त्वाची असते, त्यावरून कुठल्या वाहिनीवर (शरीरातली ऊर्जा वाहते असं ते मानतात त्या मार्गावर) काम करायचं ते ठरतं. जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली. मग गोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं आठ-दहा दिवस घेत असेन. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिनाभराच्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप फेकू नका, तारीख लिहून इकडे आणा."

महिन्याने मी पिशवी घेऊन गेले. त्यांनी सगळ्या स्ट्रिप टेबलावर मांडल्या आणि पेनाच्या टोकाने एकेक फुटलेला खळगा मोजला, शेजारी तारीख. महिन्यातले २२ दिवस. मी दहा म्हणत होते ते खोटं बोलत नव्हते, मला खरंच तेवढंच वाटत होतं. त्यांनी मग सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही आणि तुम्हीही लिहून ठेवा: साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिक्स गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की ती गोळीच डोकेदुखी कायम ठेवू शकते. म्हणजे मी ज्याने दुखणं मारत होते त्यानेच ते रोज उठत होतं.

मग त्यांनीच मला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पहिले नऊ दिवस फार वाईट गेले, मळमळ, झोप नाही, डोकं नुसतं फुटायचं. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा सुया लावायच्या आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत मला जरा श्वास घेता यायचा एवढं मला माहिती आहे.

सुईला घाबरत असाल तर ऐका, ती इंजेक्शनची सुई नाही. पाव मिलिमीटर जाडीची असते, सीलबंद पाकिटातली, एकदा वापरून फेकायची. आत जाताना मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. नंतर ती बोटांनी हलकेच फिरवतात तेव्हा आतून जड, बोथट अशी एक ओढ पसरते, चिनी लोक त्याला दे-ची म्हणतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात हेगू नावाचा बिंदू आहे, तिथली ओढ मला कधीकधी मनगटाच्या वर जाणवायची. मानेवर, कवटीच्या कडेखाली दोन खळगे असतात, तिथे फेंगची, तिथे लागली की डोळ्यांमागचा ताण सुटायला लागायचा. दहा-बारा सीटिंगमध्ये माझे दुखण्याचे दिवस महिन्यातले पंचवीस-सव्वीस होते ते अकरावर आले. आता चार-पाच असतात.

आता दादा. त्याचं म्हणणं, फरक गोळ्या बंद केल्याने पडला, सुया म्हणजे मनाचे खेळ. आणि तो अभ्यासही तोंडावर फेकतो. तर तो अभ्यास मीही वाचलाय. २०१६ चा कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आहे, मायग्रेनवरच्या २२ चाचण्या, जवळपास पाच हजार पेशंट. ज्यांना सुया लावल्याच नाहीत त्यांच्यातल्या १७ टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्यावर आली, सुया लावलेल्यांत ४१ टक्के. आणि खोट्या, म्हणजे चुकीच्या जागी किंवा आत न जाणाऱ्या सुयांशी तुलना केली तेव्हा खऱ्यांत ५० आणि खोट्यांत ४१. दादा फक्त शेवटचे दोन आकडे वाचतो आणि म्हणतो बघ, फरक किती थोडा आहे. अरे पण पहिले दोन पण वाच ना! माणूस घरी बसून आहे तेच करत राहिला तर १७ आणि तिथे जाऊन झोपला तर ४१. मला बरं वाटायला हवं होतं, कुठली वाहिनी मोकळी झाली याचं सर्टिफिकेट नको होतं. आणि गोळ्या बंद केल्याने फरक पडला हे मान्यच आहे, पण त्या बंद करा असं सांगितलं कुणी? ज्याने त्या आणून दिल्या त्याने तर नाही ना. हे वाक्य मी त्याला तोंडावर बोलले आहे, तो अजूनही त्यावर काही बोलत नाही.

चिनी औषधांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि तिथे दादा बरोबर होता, तसं मी त्याला सांगितलंय. मधल्या काळात मी दुसऱ्या एकांकडे गेले होते, त्यांनी तपकिरी पुड्या दिल्या, उकळून दिवसातून दोनदा. मी विचारलं यात काय आहे, तर म्हणे परंपरेचा फॉर्म्युला आहे, सांगत नाही. मी तिथेच थांबवलं. डोकेदुखीवर त्यांची खरी जुनी औषधं आहेत, चुआनशिओंग नावाची मुळी, तियानमा, वगैरे. पण चुआनशिओंगच्या प्रसिद्ध जुन्या मिश्रणात शीशिन पण असते, आणि शीशिन ज्या कुळातली त्यातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलॉकिक अ‍ॅसिड सापडतं. त्याने किडनी कायमची निकामी होऊ शकते. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका मुळीच्या जागी भलतीच मुळी गेली आणि शंभरेक बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्यामुळे नाव न सांगणाऱ्याची पुडी घेऊच नका. नाव सांगितलं तरी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

सीटिंगचं राहिलं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये रोजच्या ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सीटिंगचा कोर्स सुचवला होता. दहा करून काहीच हललं नाही तर सोडा, वर्षभर खेचणाऱ्यांना भुलू नका. आणि तुम्ही गोळ्या घेऊन कंटाळलात असं लिहिलंय, किती दिवस घेता ते लिहिलेलं नाही. आधी ते मोजा.

अजून एक, गरोदर असाल तर सुई लावण्याआधी सांगा, हेगू त्या काळात टाळतात. ट्रामाडॉल, कोडीनसारख्या गोळ्या असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या हाताखालीच. आणि डोकं अचानक वीज पडल्यासारखं दुखलं, ताप आणि मान आखडली, बोलताना जीभ अडखळली, हातपाय लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालं असेल तर सुया आणि काढे दोन्ही बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल गाठा, जुना एमआरआय नॉर्मल असला तरी.